बाटलीतलं दुखणं

चादर उचलली गेली आणि हॉलमधल्या सगळ्या माना एकदम पुढे आल्या. थोड्या वेळापूर्वी टबात स्वच्छ पाणी ओतलेलं आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते आता गॅसवर ठेवून विसरलेल्या चहासारखं तपकिरी झालं होतं. वर थोडा फेसही होता. त्या पाण्यात निवृत्त बसचालककाकांचे दोन पाय होते, आणि वर खुर्चीत खुद्द काका, आपल्या अंगातून एवढं निघालं यावर विश्वास न बसल्यासारखे बसले होते.

"पाहा," निचरादादा म्हणाले. "डोळे भरून पाहा. हे सगळं ह्यांच्या आत होतं."

मागून कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी नाकाला रुमाल लावला. वास कसलाच येत नव्हता, पण दुसऱ्याचं दुखणं असं उघड्यावर आलं असताना नाक उघडं ठेवणं त्यांना प्रशस्त वाटलं नसावं.

निचरादादा स्वतःला बाबा किंवा महाराज म्हणवून घेत नसत. ते पांढरा कोट घालत, खिशाला दोन पेनं लावत आणि प्रत्येक वाक्यात एकदा तरी 'पेशी' म्हणत. बंद पडलेल्या एका फर्निचरच्या दुकानात त्यांनी निचरा केंद्र उघडलं होतं. त्यामुळे तिथली एकही खुर्ची दुसरीसारखी नव्हती, आणि नव्या माणसाला आपण सोफ्याच्या लायकीचे की स्टुलाच्या, हा प्रश्न पडायचा. भिंतीवर रंगांचा मोठा तक्ता होता. फिकट पिवळा म्हणजे सांधे. विटकरी म्हणजे जुना थकवा. तपकिरी म्हणजे गिळलेला राग. काळे कण दिसले तर नातेवाईक.

"काकांचं पाणी काय सांगतंय?" दादांनी तक्त्यावर काठी ठेवली. "पेशी सांगतायत, आयुष्यभर ब्रेक दाबला. रस्त्यावर दाबला, घरीही दाबला. सगळा दाब पायात उतरला. आज वाट मिळाली."

काकांचे डोळे पाणावले. बस चालवणाऱ्या माणसानं ब्रेक दाबला होता, हे निदान तसं चुकण्यासारखं नव्हतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. असल्या ठिकाणी मी स्वतःहून पाऊल ठेवणारी बाई नाही. तिथे बसले होते ते शेजारच्या खुर्चीतल्या बाईमुळे. ती माझी धाकटी बहीण. काकांनंतर तिचा नंबर होता, आणि तिनं बूट आधीच काढून ठेवले होते.

धाकटी एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाची पँट लांब झाली तर आखूड करणं, कोट खांद्यात सैल बसला तर आवळणं, आणि दर्शनी काचेतले पुतळे सजवणं ही तिची कामं. हात इतका सफाईदार की तिनं केलेली दुरुस्ती शोधून सापडत नाही. तिचं दुखणंही तसंच, शोधून सापडत नाही.

तिचं अंग दुखतं. मान, खांदे, मांड्या, कधी नुसती बोटं. रात्रभर झोपून उठली तरी झोपच न झाल्यासारखी असते. काही दिवशी कपड्याची शिवणसुद्धा टोचते, आणि कुणी मायेनं पाठीवर हात ठेवला तरी ती कळवळते. बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही; कात्रीला कात्री म्हणायला वेळ लागतो. रक्त तपासलं, फोटो काढले, नळीत घालून आख्खी तपासली. सगळं उत्तम. रिपोर्ट उत्तम आला की लोक अभिनंदन करतात, आणि धाकटी दर वेळी तो उत्तम रिपोर्ट घेऊन रडत घरी आली.

शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला नाव दिलं. फायब्रोमायल्जिया.

"तुमचे स्नायू खराब नाहीत," त्या म्हणाल्या होत्या. मी सोबत होते. "वेदनेची बातमी पोचवणारी यंत्रणा आहे ना, तिचा आवाज कुणीतरी मोठा करून ठेवल्यासारखा झालाय. आवाजाचा फोटो निघत नाही, म्हणून रिपोर्टात येत नाही. पण तुम्हाला ऐकू येतो तो खरा."

"जाईल का हो?" धाकटीनं विचारलं.

"पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. खाली आणता येतो. त्याच्यासोबत चांगलं जगता येतं. पण ते रोज करायचं काम आहे, आणि कंटाळवाणं आहे."

धाकटीनं ते कंटाळवाणं काम मनावर घेतलं. रात्रीची छोटी गोळी, झोपण्या-उठण्याची ठरलेली वेळ, रोज थोडं चालणं, वाटलं तरी जास्त नाही आणि कंटाळा आला तरी कमी नाही. दुकानात तिनं बेतायचं टेबल उंच करून घेतलं. शिलाई झाली की इस्त्री, इस्त्री झाली की बसून टाके उसवणं, असं काम फिरवत ठेवलं. सगळ्यात अवघड नियम होता चांगल्या दिवसाचा. ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशीही अंगात जोर शिल्लक असतानाच थांबायचं. नाहीतर सगळी राहिलेली कामं एका दिवसात उरकली जातात आणि पुढचे किती तरी दिवस अंथरुणात जातात. हा नियम पाळणाऱ्या माणसाकडे लोक कसं बघतात ते मी पाहिलं आहे. "आज तर छान दिसतेस, मग बसलीस का?" असं विचारतात आणि उत्तराची वाट पाहत नाहीत.

धाकटीच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या मेहुण्यांचं, चष्म्याचं दुकान आहे. सरळ माणूस, आवाज चढवणार नाही, कुणाला लागेल असं बोलणार नाही. पण त्यांचा सगळा जन्म दिसतंय का आणि आता दिसतंय का, हे विचारण्यात गेलेला. जे दिसतच नाही त्याचं काय करायचं, हे त्यांना उमगत नव्हतं. "अगं, रिपोर्ट तर चांगला आहे ना," असं ते तिला धीर द्यायला म्हणायचे. त्या धीरानं ती खचायची.

अशात कुणीतरी निचरादादांचं नाव सांगितलं, आणि त्या पहिल्याच दिवशी, काकांच्या पाठोपाठ, धाकटीच्या टबातलं पाणी काळपट तपकिरी झालं.

मेहुणे शेजारी उभे होते. ते पाण्याकडे बघत राहिले, मग बायकोकडे, मग पुन्हा पाण्याकडे. "एवढं?" एवढंच म्हणाले. दादांनी ते पाणी एका काचेच्या बाटलीत भरून त्यांच्या हातात दिलं. जुनाट केसेसना ते बाटली देत. मेहुण्यांनी ती घरी नेली आणि बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, लेकीनं शाळेत मिळवलेल्या ढालीशेजारी ठेवली.

त्या दिवसापासून घर बदललं. मेहुणे धुण्याची बादली उचलू लागले. संध्याकाळी स्वयंपाकघरात दिसू लागले. पाहुणे आले की ते कपाट उघडत, बाटली हलवत, कारण गाळ खाली बसलेला असायचा, आणि म्हणत, "हे बघा. हे हिच्या अंगात होतं. आणि ही काम करत होती." पाहुणे बाटलीकडे बघत आणि मग पहिल्यांदाच धाकटीकडे आदरानं बघत.

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. "अगं, तो गंज आहे. लोखंडाच्या पट्ट्या, मिठाचं पाणी आणि वीज. सातवीची पोरं सांगतील."

धाकटी शांतपणे म्हणाली, "असेल. मग तुझ्याकडे दुसरं काही आहे का, ह्यांना दाखवायला?"

 

गंज एवढ्यावर थांबला असता तर मीही कानाडोळा केला असता. कोमट पाण्यात पाय घालून बसल्यानं कुणाचं वाईट होत नाही. पण दादांचं शास्त्र पुढे सरकत होतं. एके दिवशी ते धाकटीला म्हणाले, "रात्रीची गोळी बंद. गोळी वेदनेला आतून कडी लावते. आणि ते चालणं थांबवा. चाललं की वेदना हलते आणि पेशीत लपते."

तिनं दोन्ही थांबवलं. थोड्याच दिवसांत तिची झोप गेली, पाठोपाठ मान धरली, मग पायऱ्या चढवेनात. दुकानात तिनं एका कोटाची बाही उलटी लावली. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. मालकिणीनं तिला घरी पाठवलं आणि बरी झाल्यावर ये म्हणाली, पण बरी कधी होशील हेही विचारलं.

मी केंद्रात जाऊन दादांना गाठलं. "तिची तब्येत बिघडत चालली आहे."

"उत्तम," दादा म्हणाले.

"काय उत्तम?"

"वर येतंय. तळाचं ढवळलं की वरचं पाणी गढूळ दिसणारच. बाई, तुम्ही शिक्षिका आहात. तुम्हाला पेशींबद्दल मी काय सांगावं?"

बरं वाटलं तर निचऱ्यामुळे, आणि वाईट वाटलं तर निचरा चालू असल्यामुळे. ह्या शास्त्रात नापास व्हायची सोयच नव्हती. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांनी असा विषय आनंदानं घेतला असता.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी धाकटी माझ्या घरी आली. रिक्षातून उतरून दारापर्यंत यायला तिला बराच वेळ लागला. पाणी दिलं तर पेला दोन्ही हातांनी धरला.

"ताई, आज एक झालं," ती म्हणाली. "आज पाय इतके ठणकत होते की त्यांना काही टेकवणं नको वाटत होतं. टबात बोटं बुडवली तर कोमट पाणी उकळतं असल्यासारखं लागलं. तोवर मदतनीस बाईनं गुडघ्यांवरून चादर टाकली आणि ती पुढच्या माणसाकडे गेली. तुला माहीत आहे ना, उजेड लागला की वेदना परत फिरते म्हणून टब झाकतात. मी चादरीखाली पाय मागे घेतले आणि जमिनीवर ठेवले. म्हटलं, जरा दम खाऊन घालते."

"मग?"

"घातलेच नाहीत. धीरच झाला नाही. घंटा व्हायच्या आधी चादर थोडी उचलून पाहिलं."

"आणि?"

"नेहमीसारखंच झालं होतं. तसंच तपकिरी, तसाच फेस." तिनं पेला खाली ठेवला. "मग मी घाईनं पाय आत घातले. दादांनी चादर काढली आणि म्हणाले, आज गाठ सुटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे पाय कोरडे होते, ताई."

मला हसू येणार होतं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून आलं नाही.

"आधी वाटलं, माझीच चूक झाली," ती म्हणाली. "पाय न घालता घातल्यासारखं केलं म्हणून. मग कळलं. मला राग नाही आला. भीती वाटली."

"कसली भीती?"

"घरी कपाटात बाटली आहे ना. हे रोज तिच्याकडे बघतात. ते पाणी खोटं ठरलं की मीही खोटी ठरणार. पुन्हा सगळे म्हणतील, हिला काही झालेलंच नाही."

मला तिच्याबद्दल फार वाईट वाटलं. निचरादादांचा इतका राग आला की मी उठून पुन्हा बसले. त्यांनी तिच्याकडून नुसती गोळी काढून घेतली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर घरच्यांचा विश्वास बसला, तो त्यांनी गंजावर बसवून ठेवला होता.

"ह्यांना सांगू नकोस," ती म्हणाली. मी कबूल केलं. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला नाही, आणि गोळी पुन्हा थोडीथोडी सुरू करून दिली. चालणंही पहिल्यापासून, घरातल्या घरात.

घरी मात्र निचऱ्याबद्दल धाकटी काही बोलली नाही, आणि केंद्रात जाणंही तिनं थांबवलं नाही. गेली नाही तर मेहुणे का म्हणून विचारणार होते. हे असंच चाललं असतं. पण एके दिवशी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसचालककाका बसले होते. काकांना साखरेचा आजार. अंगठ्याला बुटानं जखम झालेली, आणि दादांनी पट्टी काढायला लावली होती.

"दादा म्हणाले, जखम म्हणजे दार आहे," काकांनी धाकटीला सांगितलं. "दार बंद करायचं नाही. इंजेक्शनंही बंद केली. आणि बघा ना पोरी, आता दुखतसुद्धा नाही."

धाकटीनं अंगठ्याकडे पाहिलं. तो काळा पडला होता.

"काका, आज दवाखान्यात जा," ती म्हणाली.

"दादांना विचारून जातो."

तिथून ती थेट माझ्याकडे आली. "मला सगळीकडे दुखतं तर मी मरत नाही," ती म्हणाली. "त्यांना दुखत नाही, तर ते मरतील. आणि दादांना विचारल्याशिवाय ते दवाखान्यात जाणार नाहीत. उद्या रविवारी केंद्राचा वर्धापनदिन आहे. दादांनी मला बोलायला बोलावलंय, बरी झालेली बाई म्हणून. मी जाणार आहे."

"मी येते आणि सांगते सगळ्यांना."

"तू सांगशील तर वाद होईल, आणि वादात ते तुला हरवतील. त्यापेक्षा दाखवू. तू फक्त जवळ बस." थोडं थांबून तिनं विचारलं, "तुझ्या गाडीत एक पिशवी मावेल ना?"

रविवारी हॉल भरला होता. लोक स्टुलांवर बसले होते, काही पलंगाच्या एका नमुन्यावर दाटीवाटीनं बसले होते. मेहुणे पहिल्या रांगेत, नवा सदरा घालून. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मंचावर एक खुर्ची, एक टब, आणि ते खोकं. खोक्यातून एक वायर निघायची आणि तिच्या टोकाला पाण्यात सोडायचा डबीएवढा ठोकळा असायचा. दादा त्याला ओढयंत्र म्हणत.

धाकटी लांब घोळाचा झगा घालून मंचावर गेली. हातात कापडी पिशवी. मदतनीस बाईनं टबात पाणी ओतलं, त्यात पांढरे दाणे दोन मुठी टाकले, ठोकळा सोडला आणि गुडघ्यांवरून करडी चादर पसरली. पिशवी चादरीखाली गेली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे दादांकडे बघत होते.

दादा बोलत होते. "ह्या ताईंना विज्ञानानं सांगितलं, तुम्हाला काही नाही. विज्ञान जिथे हात टेकतं तिथे पेशी बोलायला लागते. आज त्यांचा शेवटचा निचरा. आज मूळ निघणार. मला चादर उचलायच्याही आधी जाणवतंय. गिळलेला राग आहे. आणि," त्यांनी डोळे मिटले, "एक जुनं, बालपणीचं दुःख. पायाच्या तळव्यात बसलंय. निघतंय. ताई, हलकं वाटतंय?"

"हो," धाकटी म्हणाली. "पायांना तर काहीच जाणवत नाही."

"ऐकलंत?" दादा म्हणाले.

घंटा झाली. दादांनी लोकांकडे तोंड करून, एका झटक्यात, मागे न बघता चादर ओढली. ते नेहमी तसंच करत. लोकांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य त्यांना आधी बघायला आवडायचं.

त्या दिवशीचं आश्चर्य जरा निराळं होतं. टबातलं पाणी गडद तपकिरी झालं होतं. त्या पाण्यात गुडघ्यापर्यंतचे दोन प्लास्टिकचे पाय उभे होते. दुकानात लांब मोजे दाखवायला वापरतात तसे, गुळगुळीत, गुलाबी, आत वाळू भरून जड केलेले. धाकटीचे स्वतःचे पाय खुर्चीखाली, कोरड्या फरशीवर, एकावर एक ठेवलेले होते.

"बालपणीचं दुःख," दादा तक्त्याकडे काठी नेत म्हणाले, "असं बाहेर..." मग त्यांना शांतता जाणवली आणि त्यांनी मागे पाहिलं.

एवढं मात्र कबूल करायला हवं की माणूस तरबेज होता. क्षणभरच त्यांचं तोंड उघडं राहिलं. "पाहिलंत?" ते म्हणाले. "ताईंनी रोज ज्या पुतळ्यांना हात लावला, त्यांच्यात ताईंचं दुखणं उतरलं होतं. आज तेसुद्धा मोकळे झाले."

आणि हॉलमधल्या काही माना चक्क डोलल्या.  मी उठले आणि मंचावर गेले.

"दादा, मग आता काहीच नको," मी म्हटलं. "पाय नको, पुतळा नको. रिकामा टब लावा."

"त्याची काय गरज?"

"गरज नाही, हौस आहे. वर्धापनदिन आहे."

लोक हसले, आणि हसणाऱ्या लोकांना नाही म्हणणं दादांना जमलं नाही. मी टब रिकामा करून धुतला, ताजं पाणी भरलं आणि मदतनीस बाईला म्हटलं, "तुम्ही रोज टाकता तसे दाणे टाका."

"किती टाकू?" बाई सवयीनं म्हणाली. "साध्या माणसाला एक मूठ, जुनाट असेल तर दोन. दादाच सांगतात."

ह्यावर हॉलमध्ये जी कुजबुज झाली तिच्यात मी एक दाणा जिभेवर ठेवला. मग पहिल्या रांगेतल्या रुमालवाल्या बाईंना दिला. त्यांनी चाखून सगळ्यांना सांगितलं, "मीठ आहे."

रिकामा टब चालू केला. ह्या वेळी चादर घातली नाही. सगळ्यांनी बघितलं. आधी ठोकळ्याभोवती पिवळसर धूर निघाल्यासारखं झालं, मग तांबूस ढग, मग सगळं पाणी तपकिरी. त्यात कुणाचंही दुखणं नव्हतं. मग मी दुसऱ्यांदा पाणी बदललं आणि मीठ टाकलंच नाही. पाणी जसंच्या तसं राहिलं. शेवटी यंत्र बंद करून वायर काढली, ठोकळा उघडला आणि आतल्या दोन लोखंडी पट्ट्या लोकांच्या हातात दिल्या. एक झिजून दातेरी झाली होती. ज्याच्या त्याच्या बोटांना तांबडं लागलं.

"मिठाच्या पाण्यातून वीज सहज जाते," मी सांगितलं. "जाताना लोखंड खाते. खाल्लेल्या लोखंडाचा गंज होतो. मीठ जास्त, तर गंज जास्त. काळे कण म्हणजे पट्टीचे तुकडे आहेत, नातेवाईक नव्हेत. तुमच्या अंगातलं ह्यात काहीही नाही."

"मग मला बरं कसं वाटायचं?" कुणीतरी विचारलं. प्रश्न प्रामाणिक होता.

"अर्धा तास कोमट पाण्यात पाय घालून स्वस्थ बसलात, आणि कुणीतरी विचारलं की कुठे दुखतंय. त्यानं बरं वाटतंच. ते घरीही करता येतं, आणि त्याच्यासाठी इंजेक्शनं बंद करावी लागत नाहीत."

दादा कोट काढत होते. तेवढ्यात एक गृहस्थ उभे राहिले आणि जे होऊ नये म्हणून धाकटी इतके दिवस गप्प होती तेच बोलले. "म्हणजे ह्या बाईंना काही झालेलंच नव्हतं तर."

मेहुणे खाली बघत होते. त्यांच्या बोटांना गंज लागला होता.

धाकटी खुर्चीतून उठली. उठायला तिला वेळ लागला आणि तो लोकांनी पाहिला.

"पाणी खोटं आहे," ती म्हणाली. "माझं दुखणं खरं आहे. ते पाण्यात कधी आलंच नव्हतं, ते इथेच आहे. आत्ता मान दुखतेय, दोन्ही हात दुखतायत, आणि इथे उभं राहिल्याबद्दल उद्या मला झोपून राहावं लागेल. तुम्हाला दाखवायला माझ्याकडे काही नाही. मला ह्या पाण्याचा मोह पडला, कारण तुम्ही सगळे बघितल्याशिवाय ऐकतच नाही." मग ती बसचालककाकांकडे वळली. "काका, ते दार नाही. ती जखम आहे. चला, ताईची गाडी आहे."

काका उठले. मेहुण्यांनी पुढे होऊन त्यांना दंडाला धरलं आणि गाडीपर्यंत नेलं. धाकटीशी ते एक शब्द बोलले नाहीत, आणि गाडीत ती वाटभर खिडकीबाहेर बघत राहिली.

काकांचा अंगठा गेला. पाऊल वाचलं. आणखी आठवडाभर दार उघडं ठेवलं असतं तर पाऊलही गेलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. निचरादादा त्याच आठवड्यात गाव सोडून गेले. दुसऱ्या गावात ते आता चुंबकाची उशी विकतात असं ऐकते. रंगांचा तक्ता मागे राहिला, तो मी शाळेत लावला आहे. मुलांना नातेवाईकांचा रंग फार आवडतो.

माझं सांगणं थोडकं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर भांडू नका, रिकामा टब मागा. तुमच्याशिवाय, तुमच्या दुखण्याशिवाय, तुमच्या श्रद्धेशिवाय तीच गोष्ट घडते का ते बघा. घडत असेल तर ती तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. आणि जो माणूस तुमचं चालू औषध बंद करायला सांगतो, त्याच्या खुर्चीत बसू नका, मग त्यानं कोट घातलेला असो वा नसो.

वर्धापनदिनानंतर महिन्याभरानं मी धाकटीकडे गेले. मनात धाकधूक होती. ती फिरून नुकतीच आली होती, कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत आणि परत. दुकानात अर्धवेळ जाऊ लागली होती. चेहरा थकलेला पण झोप झालेला. मेहुण्यांकडे दूरचे कुणी पाहुणे बसले होते. काचेच्या कपाटात, ढालीशेजारी, बाटली अजून होती.

पाहुण्यांनीही ती पाहिली. "हे काय ठेवलंय?"

मेहुण्यांनी कपाट उघडलं, बाटली काढली. ह्या वेळी हलवली नाही. वर नितळ पाणी होतं आणि तळाशी बोटभर तांबडा थर.

"गंज आहे," ते म्हणाले. "मी ह्याला हिचं दुखणं समजत होतो. सगळ्यांना दाखवत होतो."

"मग हिचं दुखणं?"

"ते दिसत नाही."

पाहुणे गोंधळले. "अहो, दिसत नाही तर आहे हे कळतं कसं?"

मेहुण्यांनी बाटली जागेवर ठेवली, धाकटीच्या हातातली चहाची किटली घेतली आणि तिला बसायला खुर्ची ओढली.

"मी विचारतो," ते म्हणाले. "ती सांगते."